मान्यता आणि योग्यता

१८७५ साली कोकणातील मुरूड गावचा एक विद्यार्थी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी घाट ओलांडून पायी साताऱ्यास गेला. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज लहानशी सरकारी नोकरीही मिळणे कठीण होते. वयाची अट सतरा वर्षांची होती. ती तो पुरी करीत होता. परंतु त्याच्या लहानखुऱ्या अंगकाठीमुळे परीक्षा समितीचा त्यावर विश्वास बसला नाही आणि त्याला परत फिरावे लागले. धोंडो केशव कर्वे यांची प्रमाणपत्रांच्या जगाशी पहिली गाठ पडली ती अशी.

पुढे १८८४ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ पासून १९१४ पर्यंत गणित शिकवीत राहिले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०७ मध्ये महिला विद्यालय, आणि १९१६ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी महिला विद्यापीठ. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीचा विषय, आणि पदवीचे नाव गृहीतागमा. या पदवीवर सरकारी मोहोर मात्र नव्हती. अशी पदवी घेऊन मुलीने करावे काय, हा पालकांचा प्रश्न गैरवाजवी म्हणता येणार नाही. प्रारंभी विद्यार्थिनी मिळाल्या त्या अवघ्या पाच.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. पैसा आला, मान्यता आली नाही. अण्णा वर्गणीसाठी देशात आणि परदेशात हिंडत राहिले. वैधानिक दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये, अण्णांच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. म्हणजे पस्तीस वर्षे या पदवीची पत केवळ शिकविणाऱ्यांच्या सचोटीवर आणि शिकणाऱ्यांच्या कर्तृत्वावर उभी होती. १९५७ साली मुंबई विद्यापीठाने अण्णांना सन्मान्य डॉक्टरेट दिली, पुढील वर्षी ते भारतरत्न झाले आणि १९६२ मध्ये निवर्तले.

१९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या, अभिमत ठरलेल्या वा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. बनावट विद्यापीठांची यादी आयोगाला आजही प्रसिद्ध करावी लागते, हे पाहता हा निर्बंध अनाठायी नाही. फसविल्या गेलेल्या विद्यार्थ्याची वाया गेलेली वर्षे कोणी भरून देत नाही. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही : हा कायदा १९१६ साली असता तर अण्णांना पहिली पदवीही देता आली नसती.

म्हणून मान्यता देणाऱ्यांवर दुहेरी जबाबदारी येते. खोटे नाणे ओळखून बाजूला काढावे, आणि खरे परंतु अनोळखी नाणे पस्तीस वर्षे दाराबाहेर ठेवू नये. साताऱ्याच्या समितीने मुलाची उंची पाहिली, त्याची तयारी पाहिली नाही. नियम हाती असणाऱ्या प्रत्येकाने ही चूक ध्यानात ठेवावी.