रंगवेडा डॉक्टर : पॉल एरलिख

हॉस्टेलमध्ये कुणाला ताप आला की रिपोर्टात आपण फक्त प्लेटलेट्स बघतो. खाली न्यूट्रोफिल, इओसिनोफिल असंही छापलेलं असतं. या पेशी रंगवून ओळखायला शिकवलं ते पॉल एरलिख यांनी.

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ चा, तेव्हाच्या प्रशियातल्या स्ट्रेलेन गावातला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. आईच्या नात्यातल्या कार्ल व्हायगर्ट यांच्यामुळे पॉलला रंगांचं वेड लागलं. रंग म्हणजे कापडगिरण्यांसाठी कोळशाच्या डांबरापासून बनवलेले, आपल्या केमिकलवाल्यांच्या सिलॅबसमधले! १८७८ मध्ये लाइपझिगला त्यांनी डॉक्टरकीचा प्रबंधही रंगांवरच लिहिला.

पुढे बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात त्यांनी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर गरम करून वाळवला आणि त्यावर रंग घातले. प्रत्येक पेशीने आपापला रंग उचलला. गंमत म्हणजे निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तात लाल पेशीला केंद्रक नसतं, मज्जेतून बाहेर पडण्याआधीच ती ते टाकून देते. पण काही आजाऱ्यांच्या रक्तात एरलिखना केंद्रकवाल्या कच्च्या लाल पेशी दिसल्या. १८८८ मध्ये त्यांनी उलटी केस मांडली. एका तरुण स्त्रीला भयंकर ॲनिमिया, पण रक्तात कच्च्या पेशीच नाहीत. मृत्यूनंतर पाहिलं तर मज्जेच्या जागी चरबी! म्हणजे रक्ताच्या थेंबात हाडाच्या आतली बातमी असते.

आज याचा उपयोग कुठे होतो? स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर मज्जेत पसरला की तिथली जागा बळकावतो. मग हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स उतरतात आणि लाल-पांढऱ्या कच्च्या पेशी रक्तात ढकलल्या जातात. असं चित्र इतर आजारांतही दिसतं, म्हणून खात्रीसाठी मज्जा तपासावी लागते. पण पहिली शंका बऱ्याचदा साध्या काचपट्टीवरच येते.

एरलिखना स्वतःला क्षय झाला होता. इजिप्तच्या कोरड्या हवेत राहून ते बरे झाले. १९०८ चं नोबेल मेचनिकॉव्ह यांच्याबरोबर मिळालं. १९१० मध्ये सिफिलिसवरचं ‘६०६’ हे औषध बाजारात आलं. कॅन्सरवरही त्यांनी उंदरांवर पुष्कळ प्रयोग केले, पण इलाज काही सापडला नाही. २० ऑगस्ट १९१५ ला ते गेले.

कॅन्सरने त्यांना दाद दिली नाही हे खरं. पण तो मज्जेत लपला तर त्याची चाहूल लागते, ती त्यांच्या रंगांमुळेच. पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला, तर प्लेटलेट्सच्या खालच्या ओळीही वाचा बरं का!