वूडी गथ्री, हंटिंग्टन आजार आणि नाकावाटे औषधाची वाट

अमेरिकी लोकगायक वूडी गथ्री यांचे ‘धिस लँड इज युवर लँड’ हे १९४० मध्ये लिहिलेले गाणे तुम्ही कदाचित ऐकले असेल. त्यांच्या आजाराबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही.

वूडींचा जन्म १४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमातील ओकीमा गावी झाला. ते लहान असतानाच आई नोरा यांचे वागणे बदलू लागले. त्यांना मनोरुग्णालयात ठेवले गेले आणि १९३० मध्ये तिथेच त्या वारल्या. पुढे वूडींचाही तोल जाऊ लागला, चिडचिड वाढली. आधी दारूचे व्यसन, मग स्किझोफ्रेनिया असे निदान झाले. १९५२ मध्ये खरे कारण कळले: हंटिंग्टन आजार. हळूहळू गिटार सुटली, बोलणे थांबले. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या दोन मुलीही याच आजाराने गेल्या.

असे का होते? चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकात दोष असतो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. हे जनुक १९९३ मध्ये सापडले. दोषी जनुकापासून बिघडलेले प्रथिन तयार होते आणि मेंदूच्या पेशी मरतात.

‘एसआयआरएनए’ हे छोटे रेणू जनुकाला हात न लावता त्याचा संदेश नष्ट करतात, त्यामुळे प्रथिन कमी बनते. अडचण अशी, की रक्तातून ते मेंदूत शिरत नाहीत. रक्त आणि मेंदू यांमधील अडथळा त्यांना रोखतो. नाकाच्या वरच्या भागातून वासाच्या नसा मात्र थेट मेंदूकडे जातात. म्हणून हे रेणू अतिसूक्ष्म कणांत भरून नाकावाटे देण्याचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत. पण या वाटेने फार थोडे औषध पोहोचते आणि माणसाच्या मेंदूतील बाधित भाग खूप खोल असतो. त्यामुळे हा उपचार अजून रुग्णांसाठी उपलब्ध नाही. नाकात घालायच्या थेंबांनी हा आजार बरा होतो असे कोणी सांगितले, तर पैसे घालवू नका.

तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अशी लक्षणे दिसत असतील, तर त्याला वेड किंवा व्यसन म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि जनुकीय तपासणीपूर्वी समुपदेशन जरूर घ्या.