विल्यम लँबटन

गोल चेंडूवर सपाट कागद चिकटवला, तर त्याला सुरकुत्या पडतात. पण त्याच कागदाचे लहान लहान त्रिकोण कापून कडेला कड जुळवीत बसवले, तर चेंडूचा आकार पुष्कळसा साधतो. मात्र दोन त्रिकोणांमध्ये फट राहता कामा नये आणि एक त्रिकोण दुसऱ्यावर चढताही कामा नये. याच तत्त्वावर भारतभूमीचे मोजमाप सुरू करणारे थोर सर्वेक्षक म्हणजे विल्यम लँबटन.

लँबटन यांचा जन्म अठराव्या शतकात इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एका सामान्य कुटुंबात झाला. ३३ व्या पलटणीतून ते भारतात आले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू सुलतान धारातीर्थी पडला. त्यानंतर लँबटन यांनी दक्षिण भारताच्या शास्त्रशुद्ध सर्वेक्षणाची योजना मांडली. राज्यकर्त्यांना नकाशे हवे होते. लँबटन यांना त्याबरोबरच पृथ्वीचा खरा आकार जाणून घ्यायचा होता.

१८०० च्या अखेरीस बंगळूरजवळ त्यांनी सुमारे साडेसात मैल लांबीची आधाररेषा मोजली. त्यासाठी शंभर फुटांची पोलादी साखळी वापरली. उन्हामुळे साखळी किती लांबते, याचाही हिशेब ते तापमापकाच्या साहाय्याने ठेवीत. या रेषेची दोन टोके आणि दूरचा एखादा डोंगरमाथा मिळून त्रिकोण होतो. एक बाजू व कोन ठाऊक असले, की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात आणि त्यांपैकी एखादी पुढील त्रिकोणाचा पाया बनते. पृथ्वी गोल असल्यामुळे अशा मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. हा फरकही ते हिशेबात धरीत.

पण पहिल्याच त्रिकोणात चूक झाली तर ती पुढील प्रत्येक त्रिकोणात शिरणार होती. म्हणून लँबटन यांनी स्वतःच्याच कामाची परीक्षा घेतली. १८०२ मध्ये मद्रासजवळ नवी आधाररेषा मोजून त्यांनी तेथून त्रिकोणांची साखळी बंगळूरपर्यंत आणली. १८०४ मध्ये बंगळूरजवळ पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष मोजण्यात आली. गणिताने काढलेली लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत केवळ काही इंचांचा फरक आढळला.

मार्ग मात्र सुकर नव्हता. श्रीरंगपट्टणची वाट पालखीच्या भोयांनाही ठाऊक असताना एवढा खर्च कशासाठी, असा आक्षेप एका अधिकाऱ्याने घेतला होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटून कोन मोजण्याचे सुमारे अर्धा टन वजनाचे यंत्र, थिओडोलाइट, आदळले. लँबटन खचले नाहीत. कित्येक आठवडे खपून त्यांनी ते स्वहस्ते दुरुस्त केले. ही जड यंत्रे डोंगरांवर वाहून नेणाऱ्या आणि निशाणे धरून उभ्या राहणाऱ्या अनाम भारतीय कामगारांचे श्रमही या कार्यात मोलाचे होते.

२० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादहून नागपूरकडे जाताना वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लँबटन यांचे निधन झाले. तेथेच त्यांची समाधी आहे. त्यांचे अपुरे कार्य जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. एव्हरेस्ट यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. लँबटन मात्र विस्मृतीत गेले.

आज संगणकावर वक्र पृष्ठभागाची प्रतिकृती करतानाही तो असंख्य त्रिकोणांत विभागतात. ते त्रिकोण एकमेकांशी अचूक जुळले, तरच प्रतिकृती विश्वासार्ह ठरते. आपले उत्तर स्वतःच पुन्हा तपासण्याचा जो प्रामाणिकपणा लँबटन यांनी बंगळूरच्या माळावर दाखवला, तो प्रत्येक अभ्यासकाने अंगी बाणवावा असा आहे.