घाणा आणि धार

दिवाळीच्या चकल्या तळताना माझी आई पहिला घाणा नेहमी बाजूला काढून ठेवी. तो देवासाठी असतो असे आम्हां मुलांना वाटे. खरे म्हणजे तो तेलाचा आणि पिठाचा अंदाज घेण्यासाठी असे. एक घाणा बिघडला तर दुसरा सुधारता येतो, ही घाण्याची सोय. कारखान्यात याच घाण्याला बॅच म्हणतात. कच्चा माल भांड्यात भरायचा, शिजवायचा, भांडे रिकामे करायचे, धुवायचे, पुन्हा भरायचे. दुसरी रीत धारेची. एका टोकाने माल आत जात राहतो, दुसऱ्या टोकाने बाहेर येत राहतो आणि मधे रात्र नाही की रविवार नाही.

हा फरक मला बँकेने शिकवला, आणि तो मी चुकीचा शिकलो. 1989 साली मी एका औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. चार भांड्यांवर घाण्याच्या पद्धतीने रसायन काढणाऱ्या एका लहान कारखानदारांना अखंड चालणारा प्लँट टाकायचा होता. कागदावर सगळे सुरेख दिसत होते. अर्धवट तयार मालात अडकलेला पैसा कमी होणार, माणसे कमी लागणार. मी शिफारस केली. प्लँट सलग तीन दिवस कधी चाललाच नाही. वीज गेली की सगळे बंद, एक पंप बसला की सगळे बंद. दोन वर्षांत त्या गृहस्थांनी राहता फ्लॅट विकून आमचे कर्ज फेडले. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि त्या वाचनात मला एर्नेस्ट सॉल्वे भेटला.

सॉल्वेचा जन्म 1838 सालचा, बेल्जियममधल्या रेबेक गावचा. वडील मीठ शुद्ध करण्याच्या धंद्यात होते. मुलगा हुशार, पण ऐन उमेदीत त्याला फुप्फुसाच्या आवरणाचा विकार जडला आणि विद्यापीठाची वाट बंद झाली. पदवी नाही याची रुखरुख या माणसाला जन्मभर असावी, असे त्याचे पुढचे आयुष्य पाहताना वाटते. एकविसाव्या वर्षी तो ब्रुसेल्समध्ये मामांच्या गॅस कारखान्यात लागला. दगडी कोळशापासून गॅस काढताना अमोनियाचे घाण पाणी उरते, त्याचे काय करायचे हे पाहणे त्याच्याकडे आले. त्या खटपटीत त्याला दिसले की मिठाच्या पाण्यात अमोनिया मुरवून त्यात कर्बवायू सोडला, तर खाली पांढरा साका बसतो. तो खाण्याचा सोडा. तो भाजला की धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा ॲश. काच, साबण, कापड, सगळ्यांना हवा असलेला. 1861 साली त्याने पेटंट घेतले.

गंमत अशी की, हा शोध त्याचा नव्हताच. प्रकाशाच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झालेल्या फ्रेनेलला ही क्रिया 1811 सालीच ठाऊक झाली होती. 1838 साली, म्हणजे सॉल्वेच्या जन्मवर्षीच, इंग्लंडमध्ये तिचे पेटंट निघाले होते. अनेकांनी कारखाने टाकून हात पोळून घेतले होते. पदवीधर असता तर सॉल्वेने आधी हे सारे वाचले असते आणि बहुधा या वाटेला गेलाच नसता.

आधीचे लोक का बुडाले? अमोनियापायी. या क्रियेत अमोनिया खर्ची पडत नाही. चुना घालून उकळले की तो परत मिळतो आणि पुन्हा वापरता येतो. पण अमोनिया महाग आणि जात्याच पळपुटा. भांडे उघडा, भरा, उपसा, प्रत्येक वेळी थोडा निसटणार. दर फेरीत थोडे गेले तरी नफा गेला. तेव्हा प्रश्न रसायनशास्त्राचा उरलाच नव्हता, तो नळाचा, सांध्यांचा आणि झाकणांचा होता. भांडे उघडायची वेळच येऊ नये, असे काहीतरी हवे होते.

1863 साली एर्नेस्टने धाकटा भाऊ आल्फ्रेड याच्याबरोबर कंपनी काढली. पैसा बराचसा घरचा आणि ओळखीच्यांचा. शार्लरुआजवळच्या कूये इथे कारखाना उभा राहिला आणि 1865 साली सुरू झाला. सुरू झाला म्हणजे काय, तर मोडत-फुटत रडतखडत चालू लागला. यंत्रे दगा देत होती, पैसा आटत होता. घरच्यांनी पुन्हा हात दिला म्हणून भावांचे दिवाळे निघाले नाही. बँकेत हयात घालवलेला माणूस म्हणून सांगतो, त्या अवस्थेतले खाते माझ्या टेबलावर आले असते, तर मी ते बंद करा असाच शेरा मारला असता.

त्यातून जो मनोरा सिद्ध झाला, तो त्याचे खरे कर्तृत्व. लोखंडी कडी एकावर एक रचलेला उंच मनोरा, आत भोकांच्या चकत्या. वरून अमोनिया मुरलेले मिठाचे पाणी उतरते, खालून कर्बवायू चढतो, वाटेत दोघांची गाठ पडते आणि तळातून सोड्याचा रबडा वाहत राहतो. चुनखडीच्या भट्टीतून कर्बवायू मिळतो, भट्टीत उरलेल्या चुन्याने अमोनिया सुटून परत मनोऱ्याकडे जातो. एकाची राख दुसऱ्याचे अन्न. आत जायचे ते मीठ आणि चुनखडी, शिवाय कोळसा.

याच्यासमोर उभी होती निकोला लब्लांची जुनी पद्धत. या फ्रेंच वैद्याने 1791 साली पेटंट घेतले. क्रांतीत त्याचा कारखाना जप्त झाला आणि 1806 साली त्याने आत्महत्या केली. पद्धत मात्र जगभर गेली. ती होती अस्सल घाण्याची. मीठ आणि गंधकाम्ल तापवा, मग कोळसा-चुनखडीबरोबर भट्टीत भाजा, फावड्यांनी ओढून काढा, हौदात भिजवा, आटवा. आम्लाच्या धुराने शेते जळत. त्याला आवर घालायला ब्रिटनने 1863 सालीच, म्हणजे सॉल्वेची कंपनी निघाली त्याच वर्षी, कायदा केला. लब्लांवाले सहजासहजी हटले नाहीत. त्या धुरातूनच ते ब्लीचिंग पावडर करू लागले आणि 1890 साली चाळीसहून अधिक ब्रिटिश कारखाने एका कंपनीत एकवटले. तरीही विसावे शतक उजाडेपर्यंत जगातला बहुतेक सोडा मनोऱ्यांतून येऊ लागला होता.

सॉल्वेचे परवाने इंग्लंडमध्ये ब्रुनर आणि माँड यांनी 1872 साली घेतले, अमेरिकेत सिरॅक्यूजला 1881 साली कंपनी निघाली. पुढे 2005 साली ब्रुनर माँड विकत घेण्याचा करार केला तो मुंबईच्या टाटा केमिकल्सने. ही धार स्वच्छ होती असेही नाही. उरणारे कॅल्शियम क्लोराइड सिरॅक्यूजजवळच्या ओनोंडागा सरोवराच्या काठी वर्षानुवर्षे टाकले गेले.

पण वाचताना मी अडलो तो एका बारीक तपशिलाशी. हा अखंड चालणारा मनोरा अखंड चालत नाही! आत सोड्याची पुटे चढतात, नळ्या बुजतात, काही दिवसांनी तो धुवावाच लागतो. म्हणून मनोरे गटाने उभारतात. बाकीचे माल काढत असताना एक धुतला जात असतो. बाहेरून दिसणारी धार ही आत पाळीपाळीने सुट्टी घेणाऱ्यांची धार असते. हे वाचून मी ते 1989 सालचे प्रकरण मनात पुन्हा उघडले. त्या कारखानदारांच्या अंदाजपत्रकात जादा पंप होता, जनरेटरही होता. कर्जाची रक्कम बसवण्यासाठी त्या दोन ओळी अनावश्यक म्हणून लाल शाईने मीच खोडल्या होत्या. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. खुर्चीसमोर बसलेला माणूस कसली तक्रार करणार?

मनोऱ्याला रात्र नसते, माणसाला असते. सॉल्वेच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी आठ तासांचा दिवस आणि 1913 साली पगारी रजा दिली, तेव्हा पुष्कळ कारखान्यांत याची भाषाही नव्हती. यात दया किती आणि हिशेब किती हे ठरवायच्या फंदात मी पडत नाही. पेंगलेला माणूस झडपेपाशी उभा करणे कुणालाच परवडत नाही.

आजच्या स्वयंचलित कारखान्यात झडपेपाशी माणूस नाही, संगणक आहे. तरी घाणा संपलेला नाही. औषधाच्या पट्टीवरचा बॅच नंबर पाहा. दोष निघाला तर तेवढाच माल परत बोलावता येतो, आईच्या पहिल्या घाण्यासारखा. गोळ्या घाण्याऐवजी धारेने करायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली ती थेट 2015-16 च्या सुमारास, आणि तिथेही कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंतचा माल म्हणजे एक बॅच, हे ठरवावेच लागते.

सॉल्वेने अमाप पैसा मिळवला आणि तो शरीरशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या संस्थांवर खर्च केला. हुकलेल्या विद्यापीठाची ही भरपाई असावी. 1911 साली त्याने ब्रुसेल्सच्या हॉटेल मेट्रोपोलमध्ये शास्त्रज्ञांची परिषद भरवली. लोरेंट्झ अध्यक्ष, प्लँक, मेरी क्यूरी, रदरफोर्ड, प्वांकारे, तरुण आइन्स्टाइन हजर. विषय होता किरणोत्सर्ग आणि क्वांटा. म्हणजे ऊर्जा अखंड धारेने वाहते की ठरावीक पुड्यांनी येते, हाच वाद! ज्या माणसाने घाणे मोडून धार आणली, त्याच्या खर्चाने जमलेले लोक निसर्ग घाण्याघाण्याने चालतो का याचा खल करत होते. यजमानाने द्रव्य आणि गुरुत्वाविषयीचा स्वतःचा सिद्धांतही मांडला. पाहुण्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि आपल्या कामाला लागले.

1922 साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी सॉल्वे वारला. त्या परिषदेचे छायाचित्र आजही पाठ्यपुस्तकांत दिसते. सॉल्वे टेबलाशी इतरांच्या रांगेत बसलेला आहे, पण त्याचे डोके शेजाऱ्यांपेक्षा अंमळ मोठे वाटते. छायाचित्र घेतले तेव्हा तो तिथे नव्हता. त्याचा चेहरा मागाहून चिकटवला आहे.