विश्लेषण : अमेरिकेतील बंदूकहक्काचा मसुदा मांडणारे जेम्स मॅडिसन कोण होते?

अमेरिकेत बंदुकींवर निर्बंध आणणारा कायदा झाला की तो न्यायालयात जातो आणि वाद येऊन थांबतो राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीवर. अवघ्या २७ इंग्रजी शब्दांच्या या दुरुस्तीचा पहिला मसुदा जेम्स मॅडिसन यांनी मांडला होता.

मॅडिसन कोण होते?

त्यांचा जन्म १७५१ मध्ये व्हर्जिनियातील जमीनदार कुटुंबात झाला. घरच्या शेतीवर कृष्णवर्णीय गुलाम राबत. मॅडिसनही अखेरपर्यंत गुलामांचे मालक राहिले. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात त्यांना स्थानिक मिलिशियात, म्हणजे गरजेला शस्त्र उचलणाऱ्या नागरिकांच्या दलात, कर्नलपद मिळाले. पण नाजूक प्रकृतीमुळे ते रणांगणावर गेले नाहीत. १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत राज्यघटना घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

दुरुस्तीची गरज का भासली?

नागरिकांच्या हक्कांची वेगळी यादी मॅडिसन यांना सुरुवातीला अनावश्यक वाटत होती. विरोधकांना मात्र भीती होती, की केंद्र सरकार खडे सैन्य उभारेल आणि राज्यांची मिलिशिया निकामी करेल. प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत मॅडिसन यांनी हक्कांची हमी देण्याचे आश्वासन दिले आणि जेम्स मन्रो यांना ३३६ मतांनी हरवले. ८ जून १७८९ रोजी त्यांनी दुरुस्त्या मांडल्या.

मसुद्यात काय बदलले?

मॅडिसन यांच्या मसुद्यात शस्त्राचा हक्क आधी आणि मिलिशियाचा उल्लेख नंतर होता. धार्मिक कारणाने शस्त्र न उचलणाऱ्यांना लष्करी सेवेतून सूटही होती. काँग्रेसने क्रम उलटवला, सूट वगळली. १७९१ मध्ये दुरुस्ती लागू झाली. हक्क व्यक्तीचा की मिलिशियापुरता, हा वाद या शब्दरचनेतूनच उभा राहिला.

पुढे काय झाले?

१८०९ मध्ये मॅडिसन चौथे राष्ट्राध्यक्ष झाले. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्लेडन्सबर्ग येथे ब्रिटिशांपुढे मिलिशियाची दाणादाण उडाली आणि व्हाइट हाऊस जाळले गेले. १८२४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने विद्यार्थ्यांना आवारात शस्त्र बाळगण्यास मनाई केली. त्या मंडळात थॉमस जेफरसन यांच्यासह मॅडिसनही होते. १८३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क मानला. मात्र तो अमर्याद नाही, शाळांसारख्या ठिकाणी बंदी चालू शकते, हेही स्पष्ट केले. बंदुकीवरील निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेला धरून हवेत, अशी कसोटी २०२२ मध्ये आली. त्यामुळे आजच्या बंदुकींचे नियम ठरवताना न्यायालये मॅडिसन यांच्या काळातील कायदे तपासतात. त्या काळाने हक्क दिला होता, तशा मर्यादाही घातल्या होत्या. त्या मर्यादांपैकी कोणत्या आज लागू करायच्या, हाच आता न्यायालयांपुढचा प्रश्न आहे.