नानाभॉय मूस

पावसाळ्यातले वादळ सर्वांना दिसते. पण एक वादळ असे असते की झाडाचे पानही हलत नाही. फक्त चुंबकाची सुई थरथरते. त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. अशा वादळांचा अभ्यास करणारे मुंबईचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ म्हणजे नानाभॉय मूस.

त्यांचा जन्म १८५९ साली एका पारशी कुटुंबात झाला. एडिंबरो येथे शिकून ते परत आले. १८९६ साली ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पृथ्वी हे एक मोठे चुंबक आहे. तिच्या चुंबकशक्तीची मोजणी या वेधशाळेत १८४६ पासून नियमित होत असे.

लवकरच एक अडचण उभी राहिली. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार होत्या. विजेच्या प्रवाहामुळे वेधशाळेची नाजूक उपकरणे चुकीचे आकडे दाखवणार होती. लोकांना ट्राम हवी होती. पण अर्ध्या शतकाची नोंदही तुटू द्यायची नव्हती.

मूस यांनी त्यासाठी अलिबाग निवडले. लोखंड चुंबकाच्या सुईला ओढते, म्हणून तेथील इमारत लोखंडाशिवाय बांधली. १९०४ साली तेथे मोजणी सुरू झाली. जुन्या व नव्या जागेचे आकडे पडताळून पाहण्यासाठी १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा नोंद सुरक्षित होती.

१९१० साली त्यांनी साठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वादळात पृथ्वीची आडव्या दिशेची चुंबकशक्ती बरीच घटते आणि मग हळूहळू पूर्ववत होते, हे त्यांनी दाखवले.

१९३६ साली मूस यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील फोरबुश यांना आढळले, की चुंबकीय वादळाच्या वेळी पृथ्वीवर येणारे विश्वकिरण कमी होतात. सूर्याकडून आलेला वायूचा लोट आपल्याबरोबर चुंबकीय क्षेत्र आणतो. ते या किरणांना अडवते.

अलिबागच्या वेधशाळेत मोजणी आजही चालू आहे.

शब्दार्थ : वेधशाळा – आकाश, हवामान, पृथ्वी यांचे निरीक्षण करण्याची जागा, पूर्ववत – पहिल्यासारखे, विश्वकिरण – अवकाशातून येणारे अतिवेगवान कण.

प्रश्न :
१. विजेच्या ट्राममुळे कोणती अडचण आली?
२. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी का केली?