ओतूरला वाचलेला आसूड : महात्मा फुले आणि गावचे पाणी

पिंपरी पेंढारहून कल्याणच्या दिशेने निघालात की थोड्याच वेळात ओतूर लागते. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक ज्या गावांत स्वतः वाचून दाखवले, त्यांत जुन्नर आणि हे ओतूरही होते. पुस्तक 1883 सालचे. त्यातील पाण्याचा भाग आजही टंचाईच्या गावाने समोर ठेवावा असा आहे.

जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 चा. घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे, पुढे पुरंदरमधील खानवडीला आले आणि मग पुण्यात. कटगुण आणि खानवडी ही दोन्ही गावे कमी पावसाच्या पट्ट्यातील आहेत. घरचा धंदा फुले-भाजीपाल्याचा, म्हणजे विहिरीला पाणी किती दिवस टिकते यावरच घर चालायचे. 1848 साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, 1873 साली सत्यशोधक समाज स्थापला, हे आपण जाणताच. 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी कुठून आणायचे याच्या आधी ते कोणाला मिळते, हा प्रश्न त्यांनी असा घरापासून सोडवायला घेतला.

ते कंत्राटदारही होते. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला, मांजरीला शेती केली. त्यामुळे कालव्याचे पाणी वेळेवर न मिळण्याचा त्रास त्यांना ठाऊक होता. ज्याला जेवढे लागते तेवढे पाणी मोजून, तोटी बसवून द्यावे, असे त्यांनी सुचवले. आज आपण ठिबक आणि पाणीवापर संस्थांबद्दल बोलतो ते याहून फार वेगळे नाही.

1876-77 च्या दुष्काळात निराधार मुलांसाठी धनकवडीला अन्नछत्र चालवण्यात ते पुढे होते. त्यानंतर सहा वर्षांनी आसूड लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा आणि सुपीक माती पावसाबरोबर वाहून जाते, हे त्यांनी नेमके पकडले. उपाय असा : सरकारने फौज आणि पोलिसांतील रिकाम्या हातांकडून उतारावर ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल. दऱ्याखोऱ्यांत जमतील तितकी तळी बांधावीत, म्हणजे खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाझर राहील. माथ्यावरून पायथ्याकडे काम करण्याचा जो क्रम आज आम्ही पाणलोटात सांगतो, तो हाच. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या मुरमात साठते. वरून मुरले नाही तर बोअर कितीही खोल नेला तरी काय हाती लागणार?

तळ्यातला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, हीही त्यांची मागणी होती. हलक्या, मुरमाड रानाला तो गाळ फार चांगला. मात्र भारी काळ्या जमिनीत टाकू नका आणि आधी त्याची तपासणी करून घ्या.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्यापेक्षा वेगळे सांगेन. जमिनीखालचे पाणी शोधायला त्यांनी पाणाड्यांची मदत घ्यावी, असे लिहिले. त्या काळी दुसरा जाणकार नव्हता. आज भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतील भूवैज्ञानिक आहेत. नारळ हातावर फिरवणाऱ्याला पैसे देण्याआधी त्यांना विचारा. मात्र गावोगाव पाण्याचे नकाशे करावेत, हा जोतीरावांचा आग्रह शंभर टक्के बरोबर होता.

1888 मध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, तर त्यांनी डाव्या हाताने लिहिले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आसूडची पहिली प्रकरणे 'दीनबंधू' पत्रात आली आणि पुढची छापण्याचे थांबले. पाण्याचे उपाय पाचव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणात आहेत. त्या काळी हे उपाय छापलेल्या पानावरून नव्हे, तर ओतूरसारख्या गावात लेखकाच्या तोंडूनच शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत होते.